शेजारच्या घरचं विरजण

ताईनं उभ्या आयुष्यात घरात दह्याचा थेंब शिल्लक ठेवला नाही. रात्रीची जेवणं झाली की ती भांडं बोटानं निपटून घ्यायची आणि सकाळी वाटी घेऊन शेजारी विरजण मागायला निघायची. आई कपाळाला हात लावायची. "अगं, चमचाभर बाजूला काढून ठेवायला काय होतं तुला?" त्यावर ताईचं उत्तर ठरलेलं, "मंग उद्या मी कुणाकडं जाऊ?"

अण्णा फौजेत हवालदार होते. एका गावात जरा रुळलो की बदलीचा हुकूम यायचा. नव्या क्वार्टरपुढं आमच्या काळ्या लोखंडी पेट्या उतरत असतानाच ताई वाटी घेऊन पसार व्हायची. मी नव्या जागी घुम्यासारखा बसून राहायचो. ती तासाभरानं परतायची ती शेजारच्या काकूंचं नाव, मुलांची नावं, मैदान कुठं आहे आणि कुठलं कुत्रं चावतं, एवढा सगळा ऐवज घेऊन. "जा, त्यांच्या पप्पूला सांगून आले. खेळायला बोलावलंय तुला." पठाणकोट म्हणा, मेरठ म्हणा, माझा पहिला मित्र ताईनं त्या वाटीबरोबर आणलेला असायचा. अण्णा म्हणायचे, "घरात हुद्दा हिचाच मोठा."

निघायच्या दिवशी मात्र ती कुणाशी फारसं बोलत नसे. गाडी हलली की मला करकचून चिमटा काढायची, म्हणजे मी चिमट्यामुळंच रडतोय असं सांगता यावं. ती स्वतः खिडकीबाहेर बघत बसायची. तिला कुणी चिमटा काढायचा, हे मला तेव्हा सुचलं नाही.

अण्णा निवृत्त झाले आणि आम्ही आष्टीला, आमच्या गावी आलो. सामान लावता लावता संध्याकाळ झाली, आणि ताई सवयीनं वाटी घेऊन चुलतीकडं गेली. चुलती दारातच म्हणाली, "दिवेलागणीला कुणी विरजण मागत असतंय का? एवढं बी शिकवलं न्हाई का तुला कुणी?" पंजाबी काकूंनी कधी घड्याळ बघितलं नव्हतं. ताई पहिल्यांदाच रिकामी वाटी घेऊन आली आणि पेटीवर बसून राहिली. "हे तर आपलं गाव हाय," ती म्हणाली, "मंग मलाच कसं काही ठाऊक न्हाई?" दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ती पुन्हा चुलतीच्या दारात उभी होती. चुलतीनं विरजण दिलं, वर चहाही पाजला.

पुढं आई-अण्णा गेले. ताईनं लग्न केलं नाही, माझं टिकलं नाही. जालन्यात मस्तगड भागातल्या घरात आम्ही दोघंच राहिलो. फ्रिज आला, दुकानात दह्याचे डबे आले, तरी ताईची सकाळची फेरी चुकली नाही. शेजारच्या नसीमभाभींकडं ती वाटी घेऊन जायची आणि तासभर तिकडंच रमायची. मी इकडं चहासाठी खोळंबून चडफडायचो.

मागच्या थंडीत ताई गेली. चार दिवस माणसं होती, मग तीही गेली. मी विकतचं दही आणू लागलो. दूधवाल्याखेरीज कुणाशीच बोललो नाही, असे दिवस जाऊ लागले. ताई गेल्यावर हे घर मला फार मोठं वाटतं. तिची आठवण येते हे तर आहेच, पण तिच्यावाचून मला कुणाच्या दारात जाताच येत नाही, हे त्याहून अवघड आहे.

परवा फळीवरची तिची वाटी हाताला लागली. काय वाटलं कोण जाणे, ती घेऊन तसाच नसीमभाभींच्या दारापर्यंत गेलो. आत दिवे लागलेले दिसले. मागं फिरलो.

"भाईसाब, कामून वापस चालले?" भाभी दारात उभ्या होत्या.

"विरजण पाहिजे होतं. पण दिवेलागण झाली."

"आमच्यात न्हाई तसलं काही. या, बसा." त्यांनी माझ्या हातातून वाटी घेतली आणि तिच्याकडं बघत राहिल्या. "आपा म्हणल्या होत्या, मी गेले की भाऊ एक दिवस येईल. लई दिवस लावले तुम्ही."

मी तासभर बसलो. बहुतेक वेळ त्याच बोलत होत्या, ताईबद्दल.

त्यांच्या विरजणाचं दही काल छान लागलं. भाकरीशी खाल्लं. भांड्याच्या तळाला चमचाभर उरलं होतं. ते वाटीत काढून फ्रिजमध्ये ठेवणार होतो. मग भांडं बोटानं निपटून घेतलं आणि वाटी धुऊन दाराजवळ ठेवली.