जुना धागा वर काढणारे मामा

मामांनी चौतीस वर्षं ओव्हन दुरुस्त केले. स्वयंपाकघरातले छोटे नव्हेत, बेकरीतले. ज्यांचं दार उघडलं की भुवया भाजतात ते. ओव्हन बनवणाऱ्या एका कंपनीच्या दुरुस्ती विभागात ते हेल्पर म्हणून लागले आणि मुख्य मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. त्या विभागात तक्रारींची एक जाड वही होती आणि मामांनी तिला एकच नियम लावला होता: जुनी तक्रार आधी. मोठ्या हॉटेलचा मॅनेजर फोनवर कितीही गुरगुरला तरी आधी नंबर लागलेल्या गल्लीतल्या बेकरीवाल्याकडे मामा आधी जाणार. या नियमापायी त्यांनी दोनदा बढती घालवली, असं मामी सांगते. मामा म्हणतात, एकदाच.

निवृत्त झाल्यावर त्यांना दिवस खायला उठला. घरातल्या एकूण एक बिजागरीला तेल घालून झालं. शेवटी मामीने मला फोन केला.

"तुझ्या मामाला काहीतरी काम लाव गं बाई. काल त्यांनी माझे डबे उंचीप्रमाणे लावले. साखर कुठे आहे ते मला आज सकाळपर्यंत सापडलेलं नाही."

मी एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. सगळ्या दुखण्यांवर मला एकच औषध माहीत असतं: एखादी वेबसाइट. बेकरीवाले आणि घरगुती पाव करणारे लोक जिथे एकमेकांना प्रश्न विचारतात अशा एका फोरमवर मी मामांचं खातं उघडून दिलं. नाव काय ठेवू विचारलं, तर म्हणाले, "ओव्हनमामा लिही. सगळे तेच म्हणायचे." कुठे टाइप करायचं, कुठे दाबायचं, हे दाखवलं आणि मी निघाले. फोरमवर कसं वागायचं ते सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. ते कुणी कुणाला सांगत नाही. ज्याला त्याला आपोआप कळतं, असं आम्ही धरून चालतो.

पुढच्या शनिवारी गेले तर मामांनी एक वही केली होती. फोरमवर ज्यांना एकही उत्तर मिळालं नव्हतं असे ओव्हनचे सगळे प्रश्न त्यांनी तारखेनुसार उतरवून काढले होते. तीनशे अकरा. सगळ्यात जुना बारा वर्षांपूर्वीचा.

"अगं, ही माणसं थांबलीयत," मामा म्हणाले. त्यांचा आवाज असा, की जणू बाहेर व्हरांड्यात तीनशे अकरा लोक उभे आहेत.

"मामा, इतकी वर्षं कुणी थांबत नाही."

"का नाही? कुणी त्यांना 'जा' म्हटलंय का?"

आणि त्यांनी सुरुवातही केली होती. पहिला प्रश्न एका बेकरीवाल्या बाईंचा: पाव मागच्या बाजूने करपतो, पुढून कच्चा राहतो, काय करू? खाली कुणीतरी 'मलाही हाच त्रास आहे' एवढंच लिहिलेलं. मामांनी बारा वर्षांनी उत्तर दिलं: दाराची रबरी गादी सैल झाली असणार. कागदाची पट्टी दारात अडकवून ओढून बघा, सहज निघाली तर गादी बदला. उशिराबद्दल क्षमस्व.

तसे तीन दिवसांत त्यांनी चाळीस लोकांना उत्तर दिलं. त्यातल्या एकानेच परत लिहिलं होतं: 'काका, तो ओव्हन भंगारात गेला, मी आता विमा विकतो, पण तुम्ही कोण?' दुसऱ्याच कुणीतरी मध्ये तोंड घातलं होतं: 'वरातीमागून घोडं ऐकलं होतं, हे तर थेट नातवाच्या वरातीत आलं!' आणि त्याखाली फोरमची देखरेख करणाऱ्याची पहिली ताकीद. तो स्वतःला 'राखणदार' म्हणवतो. त्याने लिहिलं होतं: 'सहा महिन्यांपेक्षा जुने धागे वर काढू नयेत. मढी उकरण्याने चालू प्रश्न मागे पडतात.'

धागा म्हणजे एक प्रश्न आणि त्याखालची सगळी उत्तरं. कुणी काही लिहिलं की तो धागा यादीत सगळ्यात वर येतो. मी मामांना हे समजावलं. तुम्ही चाळीस जुने वर काढले, म्हणजे आज ज्याचा ओव्हन बंद पडला त्याचा प्रश्न चाळीस पायऱ्या खाली गेला.

मामांनी वही मिटली. "म्हणजे मी कुणालातरी रांगेत मागे ढकललं?"

"तसंच काहीतरी."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या मते शहाणपणाचं काम केलं. जुन्या धाग्याला हातच लावला नाही. वहीतल्या पुढच्या पाच प्रश्नांची उत्तरं पाच नव्या धाग्यांत लिहिली. संध्याकाळी दुसरी ताकीद आली: 'या विषयांवर आधीच धागे आहेत. नवा काढण्यापूर्वी शोधावे. आपली नवा धागा काढण्याची व खाजगी निरोपाची सोय बंद करण्यात येत आहे. तिसऱ्या ताकिदीला खाते कायमचे बंद होईल.'

मामांनी मला फोनवर ते दोनदा वाचून दाखवलं. "जुन्यात बोललो तर मढं उकरलं. नव्यात बोललो तर जुनं का शोधलं नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मग बोलायचं कुठे?"

"चालू धाग्यांवर बोला की."

"आणि हे दोनशे सहासष्ट?"

मी त्यांना सांगायला गेले की आमच्या ऑफिसातही नव्वद दिवस कुणी काही लिहिलं नाही की तक्रार आपोआप बंद होते.

"बंद कोण करतं?"

"कुणी नाही. आपोआप होते."

"दुरुस्त झाली का ते ग्राहकाला विचारता?"

"नाही."

त्यांनी फोन मामीच्या हातात दिला. मग मामीचा आवाज आला, "काय सांगितलंस गं त्यांना? असे काय बसलेत?"

तरी मामांनी ऐकलं. तीन आठवडे ते चालू प्रश्नांवरच लिहीत राहिले आणि लोकांना ते आवडायला लागले. रोज सकाळी दोघे-तिघे नाव घेऊन विचारायचे, ओव्हनमामा आहेत का? मामी म्हणायची, "चौतीस वर्षांत घरचा टोस्टर उघडला नाही आणि आता जगाला सल्ले!" पण म्हणताना त्यांच्या शेजारी चहा ठेवायची. हे खातं म्हणजे आता त्यांचं ऑफिस होतं, हे आम्हा दोघींना कळत होतं.

मग एका शनिवारी दुपारी, मी तिथेच असताना, त्या बारा वर्षांपूर्वीच्या पहिल्या धाग्यावर उत्तर आलं. बाईंच्याच खात्यावरून, पण बाईंचं नव्हे.

'हे खातं माझ्या आईचं. ती सहा वर्षांपूर्वी गेली. मी तिचा ईमेल अधूनमधून उघडते, का ते माहीत नाही. त्यात तुमच्या उत्तराची सूचना दिसली. ओव्हन तेव्हापासून बंदच होता. तुम्ही सांगितल्याप्रमाणे दाराची गादी बदलली. मला बेकरी पुन्हा सुरू करायची आहे. पण आता चालू केला की सुरक्षेचा स्विच लगेच पडतो. ओळखीचा वायरमन म्हणतो, तो स्विच काढून थेट जोडणी करू. उद्या सकाळी दहाला येतोय. करू का?'

मामा उभेच राहिले. "अगं, नाही! करू नकोस!" ते स्क्रीनशी बोलत होते. "सहा वर्षं बंद ओव्हन, कॉइलमध्ये ओल धरली असणार. थोडी वीज पत्र्यात उतरतेय, म्हणून तर स्विच पडतोय! स्विच काढला आणि हिने ओल्या हाताने दार धरलं तर?"

उत्तर त्यांना पाठ होतं. प्रश्न होता ते द्यायचं कुठून. जुन्या धाग्यावर लिहिलं की तिसरी ताकीद. खाजगी निरोप बंद, नवा धागा बंद. काढता आला असता तरी तिला सूचना फक्त याच धाग्याची जाणार.

"थांबा, मी लिहिते," म्हणत मी स्वतःचं खातं उघडलं आणि उत्तर टाकलं. स्क्रीनवर आलं: 'नव्या सदस्याचे पहिले लेखन तपासणीनंतर दिसेल.' फोरमच्या संपर्काच्या पानावरून राखणदाराला निरोप पाठवला, अपवाद करा, जिवाचा प्रश्न आहे. अर्धा तास वाट पाहिली. एक तास. त्याचा काही पत्ता नाही.

"शनिवार आहे," मामी म्हणाली. "त्यालाही बायको असेल."

मला वाटत होतं अजून थांबावं, सकाळपर्यंत वेळ आहे. मला वाटत होतं अजिबात थांबू नये. दोन्ही एकदमच वाटत होतं. नियम चुकीचा आहे असंही मला ठामपणे म्हणता येईना. त्या चाळीस धाग्यांमुळे जी माणसं मागे ढकलली गेली तीही खरीच होती.

मामांनी चष्मा पुसला आणि एका बोटाने लिहायला बसले. मी शेजारी नुसती उभी. सव्वा तास लागला त्यांना. स्विच कुणालाही काढू देऊ नकोस, हे पहिलं वाक्य. मग वीज पूर्ण तोडून जाणत्या माणसाकडून सगळ्या कॉइलच्या तारा सोडवून एकेक कशी तपासायची. ज्यांत विजेची गळती सापडेल त्या काढून दुसऱ्या एखाद्या बेकरीच्या ओव्हनमध्ये मंद आचेवर चार तास कशा वाळवायच्या. सुकल्या नाहीत तर बदलायच्या, सुकल्या तर त्याच चालतील. पुढचं कदाचित लिहिता येणार नाही असं वाटून त्यांनी तिने न विचारलेलंही लिहिलं: पहिले दोन दिवस रिकामाच चालव, पाव तिसऱ्या दिवशी.

"पाठवू?" त्यांनी मला विचारलं.

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काही कळत नाही," मामा म्हणाले आणि बटण दाबलं.

पाच वाजता राखणदार उगवला. त्याने धाग्याखाली लिहिलं: 'उत्तर उपयुक्त असल्याने ठेवत आहे. धागा बंद. सदस्याचे खाते नियमानुसार बंद.'

मामांनी ते तीनदा वाचलं. "उपयुक्त आहे म्हणतो?"

"हो."

"आणि म्हणून बंद करतो?"

"म्हणून नाही हो, तरीही."

"पण मग ती 'वाचलं' असं कुठे लिहिणार?"

कुठेच नाही. बंद धाग्यावर कुणालाच लिहिता येत नाही, तिलाही नाही. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी तिच्या आईच्या खात्यावर खाजगी निरोप पाठवायला गेले. नव्या सदस्यांना ती सोय नव्हती.

रविवारी अकराला मी पुन्हा त्यांच्याकडे गेले. माझ्या लेखनाचा निकाल आला होता: नामंजूर. कारण, 'या प्रश्नाचे उत्तर त्याच धाग्यावर आधीच दिलेले आहे. लिहिण्यापूर्वी शोधावे.' मी हसले. मामा हसले नाहीत. त्यांचं लक्ष धाग्याच्या कोपऱ्यातल्या एका आकड्याकडे होतं.

"हे काय?"

"किती वेळा उघडला गेला ते."

"एकशे छप्पन. काल बंद झाला तेव्हा एकशे अठ्ठेचाळीस होते, मी बघितलं होतं. म्हणजे आठ वेळा कुणीतरी उघडला!" त्यांचा चेहरा उजळला.

मला गप्प बसता आलं असतं. "मामा, त्यातले तीन माझे. आत्ताचा धरून."

"मग पाच. मी तर एकदाही उघडलेला नाही."

दारात मामी उभी होती. "चार माझे," ती म्हणाली. "असे काय बघताय? झोप लागेना सकाळी. म्हटलं ती पोरगी आली का ते बघावं."

"मग एक उरतो."

"तो राखणदाराचा असेल," मी म्हटलं.

"कुलूप लावल्यावर तो पुन्हा कशाला येईल बघायला?"

"तुम्ही नाही का जात?" मामी म्हणाली. "घराला कुलूप लावून चारदा ओढून बघता."

मामांनी घड्याळात पाहिलं, मग आकड्याकडे. वायरमनला येऊन तासभर झाला असणार. मी पान पुन्हा उघडणार तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला.

"थांब. तू उघडलंस की तो वाढणार. मग कुणाचा कुठला ते कळायचं नाही."

म्हणून आम्ही तिघं न उघडता बसून राहिलो.