पाणी उजव्या हाताला

मुकादम तळ्याभोवती उलटा फिरलेला कुणी पाहिला नाही. पाणी कायम त्याच्या उजव्या हाताला, प्रदक्षिणेत देव असतो तसं. उलट्या वाटेनं हाकेच्या अंतरावर असलेल्या दुकानातून विडी आणायलाही हा अख्खं तळं फिरून जायचा.

माझा सख्खा काका, पण मीही त्याला मुकादमच म्हणायचो. तलासरीच्या पूर्वेला, डोंगराकडेचं आमचं तळं म्हणजे खरं तर छोटं धरण. त्याचा बांध घालायला पाड्यातली माणसं यानंच कामाला लावली होती, तेव्हापासून ते नाव चिकटलं.

रविवारी मुंबईची, वापीची पोरं पाठीला सॅक लावून तळ्याला फेरा मारायला येतात. त्यांना फिरवायचं काम मुकादमाचं. जुना रस्ता सरळ पाण्यात उतरतो, तिथं थांबून तो म्हणायचा, "या रस्त्यानं सरळ गेलात का माझं घर. चहा थंड मिळंल, तेवढं चालवून घ्या." पोरं हसायची, फोटो काढायची. पुढचं तो सांगत नसे.

पुढचं असं. बांध पुरा झाला तेव्हा धरणाचा साहेब म्हणाला, यंदा बांधाचं दार उघडंच राहील, पाणी साठणार नाही. मुकादमानं घरोघर जाऊन तेच सांगितलं. भात लावा, वेशीवरचा वाघदेव दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला पुजू आणि मगच हलवू. पुजेआधी त्याला जागचा हलवायचा नाही, ही आमची रीत. दार मात्र भर पावसात बंद झालं. माणसं, गुरं कशीबशी बाहेर पडली. लावलेलं भात गेलं, आणि शेंदूर लावलेला वाघदेव पाण्याखाली राहिला.

पाड्यानं टेकडीवर नवा वाघदेव बसवला. वाघबारशीला सगळे तिकडे जातात. मुकादम नारळ घेऊन पाण्याकाठी जायचा. शेजारची बायजी, जिचं शेत सगळ्यात आधी बुडालं, एकदा त्याला म्हणाली, "आम्ही इसरलो रे. तू काय धरून बसलास?"

"तुम्ही इसरलात, म्हणून तर," तो म्हणाला आणि नारळ सोलायला लागला.

मला त्याचा राग यायचा. साहेब बदली होऊन गेला, कुठेतरी सुखानं जेवत असेल, आणि हा इथं झिजतोय. तसं बोललो तर म्हणाला, "साहेबाला कोण वळखत होता? लोकांनी माझं ऐकलं."

गेल्या थंडीत त्या रस्त्यापाशी एका मुलीनं त्याला विचारलं, "आधी कुणी सांगितलं नव्हतं का तुम्हाला?" "सांगितलं होतं ना," मुकादम म्हणाला. "मीच सांगितलं, राहा म्हणून." त्या दिवशी फोटो कुणी काढला नाही. होळीच्या आधी तो गेला.

आता पोरांना मी फिरवतो. थंड चहावर अजून हसतात. कुणी पुढचं विचारलं की मी म्हणतो, एका साहेबानं फसवलं. खोटं नाही ते. तरी सांगताना मान खाली जाते, काकाचं काहीतरी मी परस्पर फेकून देतोय असं वाटतं.

परवा तसंच सांगून पोरांना पुढे पाठवलं. काठावर बायजी कपडे धूत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याला असा सोडवू नको. तो नव्हता असं बोलत."

मी पोरांना हाक मारून मागे बोलावलं.