गरुडापुढचा 'ऐ'

अभयारण्यात सगळे त्याला कानसेन म्हणत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तरी त्याची पक्ष्यांची मोजणी अडली नव्हती. झुडपात कलकलाट झाला की तो सांगायचा, सातभाई आहेत, पण आज सहाच.

मोजणीची वही साधी होती. पक्ष्याच्या नावापुढे 'दि' म्हणजे दिसला, 'ऐ' म्हणजे ऐकला. वरच्या रानात सर्पगरुडाची जोडी होती, म्हणून ते रान बंद होतं. सलग वर्षभर गरुडाची नोंद झाली नाही, तर तिथून रस्ता जाणार होता. तोडायच्या झाडांवर लाल पट्टेसुद्धा मारून झाले होते.

"कानसेन, हे रान तुमच्या कानांवर उभं आहे," मोठे साहेब हसत म्हणायचे. तो हसायचा नाही. रोज सकाळी चढण चढायचा, शीळ ऐकायचा आणि गरुडापुढे 'ऐ' लिहायचा.

त्या सकाळी गुडघा धरला, म्हणून लेक सोबत आली. ती खाली रोपवाटिकेत कामाला होती.

"बाबा, चालताय की एकेका झाडाची विचारपूस करताय?"

"गप. तांबट ठोकतोय, ऐक."

"त्याला म्हणावं, जरा बाबांचा गुडघाही ठोकून दे."

पाणवठ्यावर खंड्या बसला होता. लेकीने दाखवला, त्याने 'दि' लिहिलं. पुढे अर्जुनाच्या पांढऱ्या खोडावर लाल पट्टा होता. त्याने त्यावरून हात फिरवला. रंग केव्हाच वाळला होता.

माथ्यावर सुकलेला उंबर होता. तिथून शीळ आली. लांब, थरथरती. त्याचा चेहरा उजळला. त्याने 'ऐ' लिहिलं.

"बघ. आहे की नाही?"

लेक बराच वेळ वर बघत होती.

"बाबा, गरुड काळाभोर असतो का?"

"तपकिरी. का गं?"

"आणि मैनेएवढा? शेपटीला मधे चीर?"

त्याने ओळखलं. कोतवाल. दुसऱ्यांचे आवाज काढणारा, पक्का नकल्या.

उंबरावरून पुन्हा गरुडाची शीळ आली. मग मैना. मग चौकीच्या फाटकाची करकर, हुबेहूब. लेकीला हसू फुटलं आणि तिथेच विरलं.

तो खाली बसला. वही डोळ्यांशी धरून पानं मागे उलटू लागला. ऐ. ऐ. ऐ. शेवटचा 'दि' तीन वर्षांपूर्वीचा होता.

"राहू द्या ना," लेक म्हणाली. "कुणाला कळणार आहे? तुमच्याशिवाय वर येतं कोण?"

"याने तरी गरुड ऐकला असेल का गं?"

"म्हणजे?"

"का ही शीळ याच्या बापाकडून उचलली असेल?"

तिने पाण्याची बाटली पुढे केली. त्याने ती घेतली आणि न पिताच बाजूला ठेवली.

मग पेन काढलं. आजचा 'ऐ' खोडला. त्याखाली लिहिलं, कोतवाल, एक.

"दिसतोय ना अजून?"

"दिसतोय."

त्याने 'दि' लिहिलं. पान उलटून कालचा 'ऐ' खोडला. मग परवाचा. मधेच शीळ आली की हात थांबायचा. ती संपली की पुढचं पान.