तिसऱ्या रकान्यातली नावं

संगीताचा फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या राजापेठेत एका दुकानाच्या पायरीवर उभा होतो. शिकवणीचे वर्ग नुकतेच सुटले होते, शे-दीडशे गाड्या एकदम रस्त्यावर आल्या होत्या आणि हॉर्नच्या त्या कालव्यात मला फक्त "काका" एवढंच ऐकू आलं. "मोठ्यानं बोल, बाई," मी ओरडलो. मग त्या बिचारीला ओरडून सांगावं लागलं, "बाबा गेले! आपले बाबा गेले हो काका!"... बापाच्या मरणाची बातमी मी लेकीला अशी केकाटून सांगायला लावली. माझ्या बालमित्राच्या, देवाच्या बाबतीत माझ्या हातून झालेली ही शेवटची चूक. पहिली नऊ वर्षांपूर्वी याच पुरवणीत छापून आली होती, आणि तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला देवाबद्दल काही लिहिता येणार नाही.

देविदास काळमेघ, म्हणजे आमचा देवा. कौंडण्यपूरच्या अलीकडच्या एका खेड्यात आम्ही पहिलीपासून एका बाकावर बसलो. आमच्या गावात हजेरीपटावरच्या नावानं कोणी कोणाला हाक मारली असेल, तर तो माणूस बाहेरगावचा समजावा. एक चुलतभाऊ ढेकळ्या होता, एक मुलगी पाय धड असूनही लंगडी होती, आणि दुसऱ्यांच्या पाटीवरच्या चुका काढायची खोड असल्यामुळे मी चौथीतच मास्तर झालो. पुढे खरोखरच मास्तर झालो, तेव्हा देवानं पत्रात लिहिलं होतं, "सरकारनं आता मान्य केलं. मी तर तुले कवाचाच ऑर्डर देल्ला होता." तोवर तो हवाई दलात भरती झाला होता. वैमानिक नव्हे, विमानाचा सांगाडा, पंख, चाकं तपासणारा तंत्रज्ञ. मिग-एकवीस हे त्याचं विमान. निवृत्त होऊन तो अमरावतीला माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायला आला, आणि दर रविवारी सकाळचा चहा त्याच्याकडे घ्यायचा, हे न ठरवताच ठरून गेलं.

त्याच्याकडे खाकी पुठ्ठ्याची एक दोनशे पानी वही होती. प्रत्येक पानावर पट्टीनं आखलेले तीन रकाने. पहिल्यात विमानाचं सरकारी नाव. आपल्या हवाई दलानं एका मिग-एकवीसला त्रिशूल म्हटलं, नंतरच्याला विक्रम. मालवाहू जाडजूड आयएल म्हणजे गजराज, एएन-बत्तीस म्हणजे सतलज. दुसऱ्या रकान्यात पश्चिमेकडच्या देशांनी त्याच रशियन विमानांना दिलेली नावं. लढाऊ असेल तर एफनं सुरू होणारं, सामान वाहणारं असेल तर सीनं. "आमच्या एकवीसचं नाव काय ठेवलं त्याइनं, मालूम हाय? फिशबेड! मासोळीचं अंथरुन!" असं म्हणून तो इतका हसायचा की कुसुमवहिनी आतून विचारायच्या, "काय झालं वं बाई आता?" पण देवाचा जीव होता तिसऱ्या रकान्यात. तिथे त्याच्या तुकडीतल्या तंत्रज्ञांनी आपापसात ठेवलेली नावं होती, आणि तीही विमानाच्या जातीची नव्हे, एकेका विमानाची. शेपटीवरचा आकडा आणि त्यापुढे नाव. थंडीत सुरू व्हायला कुरकुर करणारी ती सासू. कधीच तक्रार न करणारी ती भागाबाई. एक एएन-बत्तीस त्यांच्याकडे मुक्कामाला यायचं तेव्हा त्याची एसटी व्हायची, कारण त्यात जवान, भाजीपाला, इंजिनं, बदली झालेल्यांच्या ट्रंका सगळं एकदम बसायचं.

"हे नावं कुठंच लिवलेले नाईत," तो म्हणायचा. "लॉगबुकात नाई, कागदावर नाई. त्रिशूल न् विक्रम पुस्तकात सापडतीन. सासू कुठं सापडंन? आमच्या टोळीतले आता दोघं-तिघं उरले. आमी गेलो का सासूबी गेली." म्हणून तो वही भरत होता. आठवेल तसं एकेक नाव, निळ्या शाईनं, शाळेत घोटलेल्या वळणदार अक्षरात.

तांत्रिक तपासणी झाली, सही झाली, की वैमानिक चढण्याआधी देवा विमानाच्या नाकाशेजारी तळहात ठेवायचा आणि त्याचं तिसऱ्या रकान्यातलं नाव मनातल्या मनात घ्यायचा. नोकरीभर त्यानं हे केलं. तशाच एका सकाळी हात ठेवून सोडलेलं एक विमान परत आलं नाही. वैमानिक सव्वीस वर्षांचा होता. इंजिनात पक्षी शिरला, देखभालीत कसूर नव्हती, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. देवानं तो वाचला, घडी घालून ठेवला, आणि त्या विमानाचं नाव वहीत लिहायचं सोडून दिलं. तेवढी एकच ओळ तिसऱ्या रकान्यात कोरी होती. "लिवीन कधी तरी," तो म्हणाला होता. "मरायच्या आंधी लिवीन. नाव त होतं ना बापा तिले."

हे सगळं ऐकून माझ्यातला लेखक जागा झाला. निवृत्तीनंतर मी पुरवण्यांमधून लिहायला लागलो होतो, आणि दोन-चार लोकांनी रस्त्यात थांबवून लेख आवडल्याचं सांगितलं की माणूस जेवढा बिघडतो तेवढा बिघडलो होतो. देवानं विश्वासानं वही माझ्या हाती दिली. मी ती आठ दिवस घरी ठेवली आणि लेख लिहिला. लेख वाईट नव्हता. सासू होती, भागाबाई होती, एसटी होती. फक्त वर शीर्षक होतं, "उडत्या शवपेटीचा मिस्तरी". मिग-एकवीसला वर्तमानपत्रांनी दिलेलं हे नाव देवाच्या एकाही रकान्यात नव्हतं. असणारच नव्हतं.

त्या रविवारी गेलो तर पेपर टेबलावर घडी करून ठेवलेला होता. वहिनींनी चहा आणून दिला आणि त्या आत गेल्या. देवानं पेपर माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाला, "मास्तर, ते जर शवपेटी हाय, त मी कोन हावो? पेटी ठोकनारा सुतार?"

मी म्हणालो, "अरे, शीर्षकं लेखक देत नसतो. ती पेपरवाले देतात. मला तरी कुठे विचारलं त्यांनी?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "असंन," तो म्हणाला. "चहा घे, थंडा होऊन राहिला."

आमच्याकडे नाव पडायला वेळ लागत नाही, पुसायला जन्म पुरत नाही. लग्नात कोणी ओळख करून द्यायचा, "हे शवपेटीवाले काळमेघ." नातीच्या शाळेत पोरांनी तिला विचारलं, तुझे आजोबा मढी बांधायचे काय. मोझरीच्या आश्रमात दर्शनाला गेला होता, तिथेही कोणी भल्या माणसानं हात जोडून विचारलं, "ते पेटीवाले तुमीच न?" देवा "हो" म्हणाला. हे मला वहिनींनी सांगितलं, त्यानं कधीच नाही. रविवारचा चहा चालू राहिला. कापसाचं, रस्त्यांचं, गुडघ्यांचं बोलायचो. विमानांचं मात्र त्यानं नऊ वर्षांत एक अक्षर काढलं नाही आणि वही पुन्हा माझ्या दृष्टीस पडली नाही. मी विचारलीही नाही. कोणत्या तोंडानं विचारणार?

दोन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या आणि संगीतानं त्याला अकोल्याला नेलं. तिथून पुढे तो झपाट्यानं उतरला. माझी शेवटची भेट झाली ती मिग-एकवीस निवृत्त होत होतं त्या दिवशी. शेवटचं उड्डाण टीव्हीवर दाखवणार होते, म्हणून मी मुद्दाम सकाळच्या गाडीनं अकोल्याला गेलो. देवा पलंगावर उशांना टेकून बसला होता. पडद्यावर विमानं ओळीनं आली, उतरली, त्यांच्यावर पाण्याच्या कमानी उडाल्या. देवाचा उजवा हात पलंगाच्या लोखंडी कठड्यावर होता, तळवा पसरलेला. ओठ हलत होते. तो नावं घेत होता, हे मला कळलं, पण आवाज नव्हता. तेवढ्यात निवेदिकेनं उडत्या शवपेटीचे ते शब्द उच्चारले. एकदा नव्हे, तीन-चार वेळा, मोठ्या उत्साहानं. देवाचे ओठ थांबले. "बंद कर वं संगीता," तो म्हणाला.

टीव्ही बंद करून ती आत गेली आणि खोलीत आम्ही दोघंच उरलो. मला सांगता आलं असतं. देवा, ते शीर्षक माझं होतं... एवढंच वाक्य. ते जिभेवर आलंही होतं. मग वाटलं, आज नको, आज तो आधीच दुखावलाय. पुढच्या आठवड्यात येऊन निवांत सांगू. मी त्याचा हात दाबला आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठलो. पुढच्या आठवड्याच्या आत राजापेठेतला तो फोन आला.

तेराव्याला संगीतानं वही माझ्या हातात दिली. "काका, हे तुमीच ठेवा. आमाले काय समजते यातलं?" घरी येऊन उघडली. पहिला रकाना जसाच्या तसा होता, दुसराही. तिसऱ्यातलं प्रत्येक नाव काळ्या बॉलपेननं खोडलेलं होतं, गिचमिड करून नाही, पट्टी धरून, रेघेवर रेघ मारून. उन्हात धरून पाहिलं, भिंगानं पाहिलं. एकही अक्षर लागत नाही. ती कोरी ओळ कोरीच आहे. चाळीसच्या वर नावं होती. मला आठवतात ती तीन, आणि ती या लेखात आली आहेत. तुकडीतले उरलेले दोघं कुठे आहेत हे संगीतालाही ठाऊक नाही.

शेवटच्या पानात चार घड्या घातलेले कागद होते. माझ्या लेखाचा कच्चा खर्डा. वही परत करताना माझ्याच हातून आत राहिला असणार. वर माझ्या अक्षरात तीन शीर्षकं आहेत. "नावांची वही", खोडलेलं. "हाताखालची विमानं", खोडलेलं. आणि खाली ते तिसरं, दोनदा अधोरेखित केलेलं. वही मी लेख छापून यायच्या आदल्या दिवशी परत केली होती. म्हणजे त्या रविवारी मी पेपरवाल्यांवर ढकललं, तेव्हा देवाला ठाऊक होतं. "असंन" म्हणाला तेव्हा ठाऊक होतं. पुढे अकोल्याला जाईपर्यंत सात वर्षं दर रविवारी तो माझ्यासाठी चहा मागवत होता, तेव्हाही.

मी संगीताला फोन करून विचारलं, हे कागद तू पाहिले होतेस का? "हो न," ती म्हणाली. "बाबा कधी कधी काढून वाचत. तुमी येनार असं समजलं का मले सांगत, वही उचलून आत ठेव वं, मास्तरले दिसंन."

वही आता माझ्या टेबलावर असते. कोणी घरी येणार असलं की मी ती उचलून आत ठेवतो.