शालन आत्याचा कोरा फोटो

आत्या गेली आणि मला आत्ता रडायचं नाहीये. ती कसली भारी बाई होती ते सांगायचंय.

शालन आत्या, माझ्या वडिलांची थोरली बहीण. परभणीकडून लग्न होऊन दापोडीत आली आणि आयुष्यभर शिलाई मशीनवर बसली.

मी आयटीआयसाठी तिच्याकडे राहायला आलो, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी जेवणाच्या आधी तिने आल्बम उघडला.

लोक लग्नाचा आल्बम दाखवतात. हिचा सहीवाल्या फोटोंचा!

टीव्ही नवानवा आला तेव्हा बातम्या देणाऱ्या बाई. नाटकातले हिरो. रेडिओवरून टीव्हीवर आलेले भावगीतवाले. सगळे ब्लॅक अँड व्हाइट, सगळ्यांच्या खऱ्या सह्या.

पत्र टाकायची, आत स्वतःचा पत्ता लिहून तिकीट लावलेलं पाकीट ठेवायची. नाहीतर गणपतीत ऑर्केस्ट्रा आला की थेट स्टेजमागे घुसायची. एका गायकाने तर वडापाव खाता खाता सही केलीये. फोटोवर तेलाचा डाग आहे.

"ह्यो डाग बी त्याचाच!" हे ती डबल उत्साहात सांगायची.

फक्त एक फोटो कोरा होता. निवेदिका बाईंचा. टीव्हीवर दोन कार्यक्रमांच्या मध्ये येऊन पुढे काय लागणार ते सांगायच्या त्या. आत्याचं पत्र पोहोचलं तोवर त्यांनी नोकरी सोडली होती. ऑफिसातल्या कुणीतरी नुसता फोटो पाठवून दिला.

मी एकदा म्हटलं, "आत्या, एवढे हिरो मिळाले तुला. यांचं काय एवढं?"

"अरं, टीव्हीवरचं चित्र गेलं की ती यायची. व्यत्ययाबद्दल माफी मागायची. आपली माफी कुणी मागितलीय का रं कधी?"



मागच्या गणपतीतली गोष्ट. महाळुंग्याला माझ्यासोबत कंपनीत गणेश आहे, पुनावळ्यात राहतो. त्याच्या पोरीने सोसायटीत डान्स केला, त्याचा व्हिडिओ त्याने पाठवला. मी सहज आत्याला फॉरवर्ड केला.

दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्टला निरोप आला, घरचं कोणीतरी गेटवर आलंय.

पळत गेलो.

गेटवर आत्या! ठेवणीतली साडी, गजरा, काखेत आल्बम. हृदयाचं पंपिंग कमी झालेलं, डॉक्टरांनी घराबाहेर पडू नका सांगितलेलं, आणि ही बया बस बदलत दापोडीहून महाळुंग्याला!

वॉचमन समजावत होता, "मावशी, शिफ्ट सुटल्यावर भेटेल ना तो."

"अन् त्याच्या आधी मीच सुटले तर?"

मी ओरडलो, "आत्या, वेड लागलंय का तुला?"

"ती हाय रं! डान्सच्या आधी बोलणारी म्हातारी! तोंड बदललं, आवाज त्योच हाय!"

राव, हाफ डे टाकला. गणेशने सोसायटीत फोन करून विचारलं. खरंच त्याच होत्या! बाई स्वतः म्हणाल्या, या.

कॅबमध्ये आत्या काय बोलत होती, किती बोलत होती! आणि बाईंनी दार उघडलं तर हिची वाचाच बंद.

बाईंनी विचारलं, "आपणच का शालनताई?"

आत्याने नुसता फोटो पुढे केला.

बाई सोफ्यावर बसल्या. बराच वेळ बघत राहिल्या. "हा माझ्याकडेसुद्धा नाही हो. मला वाटायचं, मी आले की लोक चहा टाकायला उठतात."

"मी आधीच टाकून ठेवायचे, बाई."

मग बाईंनी पेन काढलं. तेव्हा लक्षात आलं, बाईंचा हात थरथरत होता. खूप. त्यांनी पेन खाली ठेवलं. "नको. एकच फोटो आहे तुमचा, खराब होईल."

इतकी वर्षं वाट बघून इथे येऊन अडलं!

आत्या उठली, त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि त्यांच्या हातावर आपला हात ठेवला.

"जलमभर सुईखाली कापड धरलंय मी. सरकू देत न्हाई. तुमी लिवा."

दोघींनी मिळून लिहिली. सही वाकडी झाली, शेवटचं अक्षर पार फोटोतल्या खांद्यावर घसरलं. दोघी शाळेतल्या पोरींसारख्या हसत सुटल्या.

खाली उतरताना लिफ्टमधल्या अनोळखी माणसालाही तिने फोटो दाखवला. "वळखलं का? आत्ता केलीय सही! शाई वली हाय अजून!"

घरी कळल्यावर बाबांनी फोनवर मला झाप झाप झापलं. झापू देत.

त्यानंतर दोघींचे रोज फोन. भाजी काय केली, गोळी घेतली का, टीव्हीवर आता कोण कसं बोलतं. आत्या मोठमोठ्याने हसायची.

आज सकाळी ती घरीच गेली. शांतपणे.

दुपारी बाई नातवाचा हात धरून आमच्या दापोडीच्या गल्लीत आल्या. आत्याच्या उशाशी बसून राहिल्या. शेजारच्या काकूंनी मला हळूच विचारलं, "या कोण रे?"

मी छाती फुगवून सांगितलं, "आत्याची मैत्रीण."

जा आत्या, रुबाबात जा. तुझ्या भाच्याचा तुला शेवटचा नमस्कार. 🙏