डावीकडं ओढतंय

कुठलंही वाहन सुरू करण्याआधी अण्णा त्याच्याभोवती एक पूर्ण फेरी मारायचे. चाकाला बुटाची टाच लावायची, खाली वाकून तेलाचा थेंब पडलाय का बघायचं आणि मग म्हणायचं, “चालू हुणं सोपं हाय. कशी हाय ते बघू आधी.” बस असो, माझी स्कूटी असो, नाहीतर फुलं लावलेली नवरदेवाची मोटार. नवरदेव आत घामाघूम, वाजंत्री थांबलेली आणि अण्णा वाकून मागचं चाक बघताहेत, हे दृश्य भालकीतल्या आमच्या गल्लीनं पाहिलेलं आहे.

असा निवृत्त माणूस तुमच्याही गल्लीत असेल. तो बहुधा लोकांचे नळ दुरुस्त करत असेल. आमचा माणूस विमान चालवायचा.

अण्णा तीस वर्षं सरकारी बसचे ड्रायव्हर होते. मी खटकचिंचोळीहून भालकीला कॉलेजला यायची ती त्यांच्याच बसनं. ती सकाळची बस बंद होणार असं कळलं, तेव्हा मी एक जळजळीत पत्रक लिहिलं आणि बसमध्येच वाटलं. माझे वडील खांद्याच्या पिशवीत पत्रकांचे गठ्ठे घेऊन हिंडणारे, मी वाचायला शिकले तीच पत्रकांवर. त्यामुळे मला वाटलं, आता सरकार हादरणार. अण्णांनी आरशातून बघितलं, पुढच्या थांब्यावर एक प्रत मागून घेतली, शांतपणे वाचली.

“चांगलं हाय. पण तारीख कामून टाकली न्हाईस? तारीख न्हाई तर नुसतं वरडणंच की हे.”

बस वाचली नाही. मी मात्र त्या दिवसापासून ‘पत्रकवाली’ झाले. पुढं आम्ही भालकीत त्यांच्याच गल्लीत राहायला आलो, तरी हाक तीच.

निवृत्तीनंतर हैदराबादच्या त्यांच्या मुलीनं आपला जुना कॉम्प्युटर, एक दांडा आणि पायाखाली दाबायची दोन पेडलं आणून दिली. विमान चालवण्याचा सिम्युलेटर होता तो, म्हणजे पडद्यावरचा खेळ. खेळाबरोबर आलेल्या विमानांना अण्णा ‘फुकटची’ म्हणायचे. ती त्यांनी महिन्याभरात शिकून घेतली, आणि मग त्यांची कुरकुर सुरू झाली. “आज मुद्दाम आपटलं धाडकन. उद्या बघावं तर नवंकोरं! ह्याला काय अर्थ हाय?”

मग त्यांना त्याच खेळासाठीचं एक विमान दिसलं. दोन पंख्यांचं, जुनं, बसपेक्षा थोड्याच जास्त सीटांचं. ते वेगळं विकत घ्यावं लागणार होतं आणि किंमत ऐकून अक्का, म्हणजे त्यांची बायको, लाटणं हातात घेऊनच बाहेर आल्या.

“पत्रकवाली, तूच सांग बाई ह्यांला. तेवढ्या पैशात गुलबर्ग्याहून खऱ्या विमानात बसता येतंय. मी बी येते संगं!”

“मला बसायचं न्हाई. चालवायचंय.”

“घरात बसूनच की चालवायलाव!”

मी अर्थातच अक्कांच्या बाजूनं. नसलेली गरज बाजार माणसाच्या गळ्यात कशी बांधतो, पडद्यावरच्या चित्रासाठी घामाचा पैसा कसा काढून घेतो, यावर मी चांगली दहा मिनिटं बोलले. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा पुसला.

“झालं? आता हे वाच. मला विंग्रजी झेपंना.”

ज्यांनी ते विमान घेतलं होतं त्यांचे अभिप्राय होते ते. चार दुपारी मी ते वाचून मराठीत सांगत होते. अण्णा वहीत लिहून घ्यायचे. कुणी काचेवरच्या पावसाचं कौतुक केलं होतं, कुणी आवाजाचं. अण्णा मान हलवायचे. “रंग न्हाई बघायचा मला. पुढं वाच.”

चौथ्या दुपारी मला हवं ते सापडलं. एका गिऱ्हाइकानं संतापून लिहिलं होतं: काल उतरताना ब्रेक जरा जोरात दाबले, तर आज विमान सरळ चालेना. आधी चाकाची दुरुस्ती कर म्हणतं. हा काय खेळ झाला? माझे पैसे परत द्या.

मी विजयी सुरात वाचून दाखवलं. अण्णा खुर्चीतून उठले.

“परत वाच.”

मी परत वाचलं.

“म्हणजे कालचं आज ध्यानात ठेवतंय?”

“तेच म्हणायलाय तो. म्हणून तर पैसे परत मागायलाय.”

“मग घ्यायचं,” अण्णा म्हणाले आणि वही मिटली.

मी भांडायला तोंड उघडलं, पण त्यांनी हात वर केला. त्या दिवशी त्यांनी मला जे सांगितलं, ते गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

नोकरीच्या सुरुवातीला ते एका दुसऱ्या डेपोत होते. त्यांच्या बसचा ब्रेक दाबला की बस डावीकडं जायची. डेपोत एक रजिस्टर असायचं, ड्रायव्हरनं संध्याकाळी त्यात गाडीचा दोष लिहायचा. अण्णांनी लिहिलं, ‘डावीकडं ओढतंय.’ सकाळी त्याखाली शेरा, ‘पाहिलं, ठीक.’ असं अकरा संध्याकाळी लिहिलं, अकरा सकाळी ठीक. बाराव्या दिवशी मुडबीच्या अलीकडच्या उतारावर बस डावीकडच्या खड्ड्यात गेली. कुणी दगावलं नाही. एका म्हातारीचा हात मोडला. चौकशी झाली, तेव्हा रजिस्टरमधली ती पानंच नव्हती. निकाल लागला, चालकाचा हलगर्जीपणा.

“म्हातारीला भेटायला गेलतो. ती म्हणली, तुझी काय चूक लेकरा, तू चांगला हाईस. पण कागदावर मी वाईटच की.”

माझं डोकं पेटलं. “अण्णा, मी लिहिते. आजच लिहिते!”

“कशाच्या जोरावर? पान फाडून टाकलंय.” मग पडद्याकडं बोट करून म्हणाले, “ह्याचं पान कुणाला फाडता येत न्हाई. माझी चूक असली तर माझी. पण ऱ्हायला पायजे.”

बाजाराबद्दलचं माझं मत आजही तेच आहे. त्या दुपारी मात्र मी ते बोलले नाही. मुलीनं विमान घेऊन दिलं, पैसे अण्णांनी हट्टानं स्वतःचे भरले.

बिदरहून गुलबर्गा आणि गुलबर्ग्याहून बिदर, एवढीच त्यांची फेरी. मुलगी फोनवर म्हणायची, बाबा, लंडनला जा की. “तिथं कोण हाय आपलं?” उड्डाणाआधी ते कॅमेरा विमानाभोवती पूर्ण फिरवायचे. टाच तेवढी मारता यायची नाही, याची खंत होती.

दोनेक महिन्यांनी अण्णांच्या ध्यानात आलं, धावपट्टीवर उतरून ब्रेक लावला की विमान डावीकडं ओढतंय. दुरुस्तीचं पान उघडलं तर डावा ब्रेक उजव्याच्या दुप्पट झिजलेला. तीस वर्षांची सवय होती. थांबायचं म्हटलं की डावा पाय आधी क्लचवर जायचा. विमानात त्या पायाखाली डाव्या चाकाचा ब्रेक होता, तोच आधी आणि जास्त दाबला जायचा.

अण्णांनी दोन दिवस कॉम्प्युटरला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी मला बोलावलं. चेहरा उतरलेला.

“पत्रकवाली, तवा बी माझाच पाय असंल का गं? मी उगंच बसचं नाव घेतलं का?”

इतकी वर्षं स्वतःच्या निर्दोषपणावर उभा असलेला माणूस असा विचारत होता. मी वाकून डाव्या पेडलावर बोट ठेवलं.

“अण्णा, बसला डाव्या पायाखाली काय असतंय?”

“क्लच.”

“क्लच दाबला तर बस डावीकडं जाती व्हय?”

त्यांनी डावा पाय पेडलावर ठेवला, दाबला, उचलला.

“न्हाई,” ते म्हणाले. मग स्वयंपाकघराच्या दिशेनं ओरडले, “अगं, न्हाई जात!”

“कोण न्हाई जात? कुठं?” आतून अक्का.

“बस गं, बस!” आणि ते हसले, डोळ्यांतलं पाणी न पुसता. “लिही आता. तारीख टाक.”

मी लिहिलेल्या पत्रकांत सगळ्यात लहान तेच: बस डावीकडं ओढत होती, चालकानं अकरा वेळा लिहून दिलं होतं, आणि तारीख. एकच प्रत. अण्णांनी खाली सही केली आणि वहीत ठेवून दिलं.

गेल्या हिवाळ्यात अण्णा गेले. झोपेतच. महिन्यानंतर अक्कांनी मला बोलावलं. कॉम्प्युटर मुलगी परत नेणार होती, त्याआधी त्यांना एकदा बघायचं होतं, ह्यांनी गाडी कुठं लावलीय ते.

मी खेळ उघडला. विमान गुलबर्ग्याला उभं होतं. हँडब्रेक ओढलेला, दोन्ही पंखे थांबलेले, सगळे दिवे बंद.

“गुलबर्ग्यातच हाय व्हय?” अक्का म्हणाल्या. “म्हणजे परतीची फेरी ऱ्हायली.”

दुरुस्तीचं पान उघडलं. डावा ब्रेक पुन्हा झिजला होता. खाली एकच बटण होतं, सगळं नवं करणारं. ते काय आहे असं अक्कांनी विचारलं, मी सांगितलं.

“दाबू नको,” त्या म्हणाल्या. “त्यांचा पाय हाय तो.”

मी पान मिटलं. मग कॅमेरा बाहेर नेला आणि विमानाभोवती एक पूर्ण फेरी मारली, सावकाश. नाकापासून शेपटापर्यंत, पलीकडून परत. डाव्या चाकाशी आल्यावर अक्का खुर्ची ओढून जवळ बसल्या. खाली जमिनीवर तेलाचा थेंब नव्हता.