खुर्च्यांचा सीन मी कापणार नाही

मंडळी, आज दुपारी ब्राह्मणपाऱ्यात आपल्या मराठी मंडळाच्या बैठकीत मी भांडून आले.

मागच्या आठवड्यात गेलेल्या आपल्या लाडक्या विनोदी नटासाठी रविवारी कार्यक्रम आहे. त्याच्या सिनेमांतले सीन मी निवडून राहिले.

एका सीनमध्ये लेकीच्या लग्नात तो दिसेल त्याला "जेवून जा" म्हणत सुटतो, अगदी नवरदेवाच्या घोडीलाही. बैठकीत सीन लावला तेव्हा इथवर सगळे खदखदून हसले. मग सीनमध्ये लेक सासरी जाते. तो एकटाच खुर्च्या उचलतो आणि प्रत्येक रिकाम्या खुर्चीला हळूच म्हणतो, "जेवून जा."

सचिव भाऊ म्हणाले, "ताई, घोडीपर्यंतच ठेवा ना. लोकायले काहून रडवून राहिल्या?"

मी म्हटलं, "भाऊ, घोडीवर कोणीही हसवते. खुर्च्या त्यालेच जमत होत्या."

माझ्या पाठवणीत बाबाही सगळ्यांना हसवत होते. त्यांच्या हातातला ओला रुमाल मला फार उशिरा, लग्नाच्या व्हिडिओत दिसला.

म्हणून रविवारी सीन पुरा दाखवणार. तुमच्यापैकी कोण कोण थांबणार? ज्याला रडायचं नसेल त्यानं घोडीनंतर खुशाल उठावं. त्याच्या खुर्चीला मी सांगीन, जेवून जा.